आधी यान, मग कवच? अंतराळ मोहिमांचे आराखडे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अंतराळ मोहिमांचा निधी आणि आराखडा ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

सन्माननीय महोदय आणि महोदया,

दीड महिन्यापूर्वी आमच्या विभागाला एक पानी परिपत्रक मिळालं. किरणोत्सर्गाला टिकणाऱ्या पदार्थांच्या संशोधनाचं स्वतंत्र लेखाशीर्ष बंद करण्यात येत आहे, यापुढे हे काम 'मोहिमेच्या गरजेनुसार' यानबांधणीच्या खर्चातून केलं जाईल आणि सध्या 'आधीच प्रमाणित झालेलं साहित्य पुरेसं आहे', असं त्यात म्हटलं होतं. खाली सही, तारीख, जावक क्रमांक. कारण कुठेच दिलेलं नव्हतं.

मी गेली सतरा वर्षं हेच काम करते आहे. यानाचा भारही पेलतील आणि आतल्या माणसाला किरणोत्सर्गापासूनही वाचवतील असे प्लास्टिक आणि बोरॉनच्या मिश्रणाचे पत्रे तयार करायचे, ते वेगवान कणांच्या माऱ्याखाली ठेवायचे आणि मग त्यांच्यात काय उरलं ते मोजायचं. परिपत्रक आल्यावर रीतसर दोन पत्रं पाठवली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं पत्र उघड लिहिते आहे. निर्णय तुमच्या हातात आहे, पण त्या यानात बसणारी माणसं अजून निवडलीही गेलेली नाहीत आणि त्यांच्या वतीने बोलायला बैठकीत कुणी नसतं. निदान लोकांना तरी कळू दे की नेमकं काय बंद होतं आहे.

माझ्या टेबलाच्या खणात एक पट्टी आहे. बोटाएवढी लांब, मधाच्या रंगाची. मूळची ती पांढरी होती. पहिल्यांदा बीमखालून, म्हणजे यंत्रातून सोडलेल्या वेगवान कणांच्या झोताखालून, परत आली तेव्हा रंग सोडला तर तिच्यात मला काही वेगळं दिसलं नाही. वजन तेच, माप तेच. मी ती सहज वाकवायला गेले आणि ती वाळलेल्या काडीसारखी कट्कन मोडली. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या आतल्या आत तुटल्या होत्या, काही भलत्याच ठिकाणी एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून 'दिसायला तर चांगलं आहे' या वाक्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. तुमच्या परिपत्रकातलं 'पुरेसं आहे' वाचताना मला ती पट्टी आठवली.

वाचकांसाठी थोडं मागे जाऊन सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर हवेचा जो थर आहे त्याचं वजन दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो भरतं. म्हणजे सुमारे दहा मीटर खोल पाण्याखाली असल्यासारखंच आपण राहतो. त्याच्या वर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. या दोन्हींबाहेर पाऊल टाकलं की दोन गोष्टींशी गाठ पडते. एक म्हणजे सूर्यावरच्या स्फोटांतून येणारे कण, बहुतेक प्रोटॉन. ते वादळासारखे येतात, काही तास किंवा दिवस झोडपतात आणि जातात. दुसरे वैश्विक किरण. ते सूर्यमालेच्या बाहेरून, सगळ्या दिशांनी, अखंड येत असतात. त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, बाकी बहुतांश हेलियमची केंद्रकं आणि जेमतेम एक टक्का त्याहून जड केंद्रकं. पण हा एक टक्काच माझी झोप उडवतो. एखादा कण वाटेत किती विध्वंस करतो हे त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर ठरतं. लोखंडाच्या केंद्रकाचा भार २६, म्हणजे विध्वंस तेवढ्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट. असा एकच कण पेशीतून किंवा ट्रान्झिस्टरमधून सरळ रेघ मारून जातो आणि रेघेवर जे असेल ते मोडून ठेवतो.

आकडे अंदाजाचे नाहीत, मोजलेले आहेत. जमिनीवर माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचा शरीरावर किती परिणाम होतो याचं माप) डोस मिळतो. चांग-ई ४ या चिनी यानाने चंद्राच्या पृष्ठभागावर मोजलेला डोस दिवसाला सुमारे १.३७ मिलिसिव्हर्ट होता. नासाचं मंगळावर फिरणारं यान क्युरिऑसिटी २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्याच्या पोटातल्या उपकरणाने वैश्विक किरणांचा दिवसाला सरासरी १.८४ मिलिसिव्हर्ट डोस नोंदवला. म्हणजे आपल्याला जवळजवळ नऊ महिन्यांत मिळतो तेवढा तिथे एका दिवसात. आजच्या इंजिनांनी जाऊन-येऊन ३६० दिवस धरले तर नुसत्या प्रवासाचेच ६६० मिलिसिव्हर्ट होतात. आणि नासाने २०२२ मध्ये अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची जी मर्यादा ठरवली, ती आहे ६०० मिलिसिव्हर्ट. मंगळावर पाऊल टाकून तिथे काढलेले दिवस मी अजून मोजलेच नाहीत. तिथेही दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट पडतातच.

आता तक्रारी.

पहिली त्या 'प्रमाणित साहित्य पुरेसं आहे' या वाक्याबद्दल. प्रमाणित साहित्य म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमची मिश्रणं. ती उत्तम आहेत, हलकी, मजबूत, ओळखीची. त्यांची सगळी पात्रता प्रक्षेपणाच्या हादऱ्यांसाठी, हवेच्या दाबासाठी, उष्णतेसाठी सिद्ध झालेली आहे. पण वैश्विक किरणांपुढे त्यांचं गणित उलटं फिरतं. जड, वेगवान केंद्रक अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रकावर आदळलं की दोघांचेही तुकडे उडतात आणि त्यांतून न्यूट्रॉन आणि इतर कणांचा फवारा आतल्या बाजूला निघतो. त्यामुळे भिंत जाड करत गेलं तर एका मर्यादेनंतर डोस कमी होणं थांबतं. काही गणितांत तो पुन्हा वाढायला लागतो. 'आणखी एक थर द्या' हा सल्ला इथे चालत नाही. बैठकांमध्ये तो सल्ला मी अनेकदा ऐकला आहे, सद्हेतूने दिलेला.

उपयोगी पडतो तो हायड्रोजन. त्याच्या केंद्रकात फुटून उडायला काही नसतं, एकटा प्रोटॉन. दर ग्रॅममागे त्याच्याकडे इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त, त्यामुळे येणाऱ्या कणाची ऊर्जा तो चांगली शोषतो. न्यूट्रॉनचं वजन जवळजवळ त्याच्याएवढंच, म्हणून टक्कर झाली की न्यूट्रॉनचा वेग झटकन उतरतो. नुसत्या हायड्रोजनचं यान बांधता येत नाही, तेव्हा हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ घ्यायचे. पाणी घ्या, किंवा साधं पॉलिथिलिन, ज्यात वजनाच्या सुमारे १४ टक्के हायड्रोजन असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झोपायच्या जागेभोवती पॉलिथिलिनचे थर लावलेले आहेत, ते याचसाठी.

मग अडचण काय? अडचण अशी की पॉलिथिलिन मऊ आहे, ते पेटतं, थोड्या उष्णतेने वितळतं आणि सतत भार दिला की हळूहळू ताणलं जातं. म्हणून ते अस्तर म्हणून लावलं जातं, सांगाडा म्हणून नाही. अस्तर म्हणजे जास्तीचं वजन, आणि वजन म्हटलं की कपातीच्या यादीत पहिलं नाव त्याचं. आम्ही ज्याच्या मागे आहोत ते याच कोंडीतून सुटण्यासाठी. तोच पदार्थ सांगाडाही व्हावा आणि कवचही. बोरॉन नायट्राइडच्या नॅनोनलिका, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, याच वाटेवरच्या. त्या मजबूत आहेत, भट्टीतली उष्णता सोसतात, त्यांच्यातला बोरॉन-१० मंदावलेले न्यूट्रॉन गिळतो, आणि त्यांच्यात हायड्रोजन बसवता येईल का यावर काम चालू आहे. या नलिका पहिल्यांदा तयार झाल्या १९९५ मध्ये. तीस वर्षं होऊन गेली. चिमूटभर पावडरीपासून यानाला लावता येईल अशा पत्र्यापर्यंत येण्याचा रस्ता लांबच असतो. प्रत्येक टप्प्यावर नवं काहीतरी बिघडतं. नलिका राळेत, म्हणजे त्यांना बांधून ठेवणाऱ्या चिकट प्लास्टिकमध्ये, नीट पसरत नाहीत, गोळे होतात, राळ आणि नलिका यांची पकड सुटते. माझी सात वर्षं या पकडीवर गेली आहेत आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. पण हे काम 'मोहिमेच्या गरजेनुसार' होत नाही. मोहिमेला गरज भासेल त्या दिवशी सुरुवात केली तर ती मोहीम उडून जाईपर्यंत आमची राळ सुकलेली नसेल.

इथे एक गोष्ट माझ्याच क्षेत्राच्या विरोधात सांगायला हवी. कुठलाही पदार्थ वैश्विक किरण पूर्ण अडवत नाही. वाजवी वजनाचं कवच सौरवादळातून माणसाला वाचवू शकतं. वैश्विक किरणांचा डोस ते काही प्रमाणातच कमी करतं. याहून मोठं काही कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्याच्याकडे मोजमापं मागा. अंतराळ स्थानकावर बुरशीचा एक अतिशय पातळ थर वाढवून पाहिला गेला, त्याखाली नोंदवलेली घट सुमारे दोन टक्के होती, आणि बातम्यांमध्ये मात्र त्याची मंगळावरची भिंत झाली. अशा मथळ्यांनी तुमचा आमच्यावरचा विश्वास कमी झाला असेल तर तो राग मी समजू शकते. पण म्हणून मोजणाऱ्यांचं काम बंद करू नका.

दुसरी तक्रार क्रमाबद्दल आहे, आणि मला सर्वांत जास्त तीच सलते. आधी यानाचा आकार ठरतो, मग वजन, मग खर्च, मग तारीख. सगळं गोठल्यावर कुणीतरी आमच्याकडे येतं आणि विचारतं, उरलेल्या अमुक किलोत काय बसतं बघा. त्या टप्प्यावर आम्ही काहीही सांगितलं तरी ती अडवणूक वाटते.

उलट उदाहरण समोर आहे. गुरूभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे ग्रहमालेत सर्वांत भयंकर. जूनो यान तिथे पाठवायचं ठरलं तेव्हा सुरुवातीलाच मान्य केलं गेलं की यानाचा मेंदू एका तिजोरीत ठेवावा लागेल. सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या भिंती, आतल्या उपकरणांसकट जवळपास २०० किलो वजन. इतकं वजन शेवटच्या वर्षी मागितलं असतं तर कुणी दिलं असतं? ते पहिल्या आराखड्यात होतं म्हणून मिळालं. २०१६ मध्ये गुरूपाशी पोहोचलेलं ते यान २०२१ मध्ये मूळ मोहीम संपल्यावरही काम करत राहिलं.

त्याच गुरूच्या पट्ट्यांत जाणारं दुसरं यान, युरोपा क्लिपर. त्याचं उड्डाण ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरलेलं. मे २०२४ मध्ये कळलं की यानात बसवून झालेले काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी डोसवर निकामी होत आहेत. यान बांधून तयार. उघडायचं तर उड्डाणाची संधी हातची जाणार. पुढचे काही महिने तिथल्या अभियंत्यांनी रात्रंदिवस चाचण्या केल्या आणि निष्कर्ष काढला की यान कक्षेत फिरताना पट्ट्यांच्या बाहेर असेल त्या काळात हे ट्रान्झिस्टर बऱ्यापैकी सावरतील. १४ ऑक्टोबरला यान उडालं. त्या अभियंत्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ज्यांनी ज्यांनी साहित्याच्या चाचण्या केल्या आहेत त्यांना त्या चार महिन्यांचा ताण शब्दाशिवाय कळतो. एवढ्या काळजीने, एवढ्या अनुभवी हातांनी बांधलेल्या यानातही हे घडू शकतं, तर जिथे साहित्याचा विभागच बंद होतो आहे तिथे हे कोण पकडणार?

हा धडा नवा म्हणावा तर तोही नाही. जुलै १९६२ मध्ये उंच आकाशात अणुस्फोटाची चाचणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह सोडला गेला. स्फोटाने वाढलेल्या किरणोत्सर्गाने त्याचे ट्रान्झिस्टर खराब झाले आणि काही महिन्यांत तो मुका झाला. साठ वर्षं उलटून गेली.

आणि नीट विचार केला तर थोडक्यातही किती मिळतं पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाच्या चंद्राकडच्या आर्टेमिस-१ मोहिमेत ओरायन यानात हेल्गा आणि झोहर हे दोन मानवी पुतळे हजारो संवेदक घेऊन गेले होते. पृथ्वीभोवतीच्या प्रोटॉनच्या पट्ट्यातून जाताना यानात कमी झाकलेल्या आणि जास्त झाकलेल्या जागांमध्ये डोसचा फरक चौपट निघाला. यानाची दिशा बदलली तेव्हा डोसचा वेग जवळपास निम्मा झाला. काहीही जादा न वाहता, फक्त कुठलं वस्तुमान कुठे आहे यामुळे! सामानाच्या पेट्या, पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या कुठे ठेवायच्या हा प्रश्नही साहित्याचाच आहे. तो विचारायला आराखडा कोरा असतानाच आम्हाला बोलवावं लागतं.

तिसरी तक्रार चाचण्यांची. अंतराळातल्या जड केंद्रकांसारखे कण तयार करणारी यंत्रं जगात मोजकी. अमेरिकेत ब्रुकहेवनची नासाची प्रयोगशाळा २००३ पासून, जर्मनीत डार्मस्टाटची, जपानमध्ये चिबाची, आणखी थोडी. तिथे चिप तपासणारे रांगेत असतात, काही ठिकाणी कर्करोगाचे रुग्णही असतात आणि त्यांचा हक्क आमच्याआधीचा आहे, त्याबद्दल वादच नाही. आमच्या वाट्याला वर्षाकाठी काही पाळ्या येतात. त्या पाळीत आम्ही काय करतो? अंतराळात वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने पडणारा डोस काही मिनिटांत ओततो. यंत्राचे तास महाग आहेत म्हणून. पण प्लास्टिकच्या बाबतीत हळू मिळालेला डोस आणि झटक्यात मिळालेला डोस यांचा परिणाम सारखा नसतो. हवा असेल तर ऑक्सिजनला आत शिरायला वेळ मिळतो आणि हळू डोस जास्त घातक ठरतो. निर्वातात चित्र पुन्हा वेगळं. त्यात भर म्हणून तिथे एका वेळी एकच गोष्ट होत नाही. अतिनील किरण, उष्ण-थंडीचे फेरे आणि कणांचा मारा हे सगळं एकत्र चालतं. हबल दुर्बिणीवरचं टेफ्लॉनचं आवरण १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना तडकलेलं आढळलं, तेव्हा ती दुर्बीण जेमतेम सात वर्षांची होती.

म्हणून नमुने प्रत्यक्ष वर ठेवणं आणि परत आणून हातात घेणं याला पर्याय नाही. १९८४ मध्ये अंतराळात ठेवलेला एलडीईएफ हा नमुन्यांनी भरलेला उपग्रह वर्षभरात परत आणायचा होता. चॅलेंजरच्या अपघातामुळे तो जानेवारी १९९० पर्यंत तिथेच राहिला आणि त्या लांबलेल्या मुक्कामानेच आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. २००१ पासून स्थानकाच्या बाहेर नमुन्यांचे ट्रे लावले जातात. पण हे सगळं पृथ्वीच्या चुंबकीय छत्राखाली. त्या छत्राबाहेर बराच काळ राहून माणसाच्या हातात परत आलेलं साहित्य फार थोडं आहे. सर्व्हेयर-३ यान एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं, आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी त्याचा कॅमेरा आणि काही भाग काढून आणले. आम्ही आजही ते अहवाल वाचतो. अशा संधी बोटांवर मोजाव्या लागतात, ही स्थिती तुम्हाला बदलता येण्यासारखी आहे.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विशिष्ट राळेवर दोन वर्षं घालवली. कमी डोसवर ती छान वागायची, मग अचानक तिच्यातून वायू सुटू लागायचा आणि पत्रा आतून फुगायचा. हे आम्ही शोधून काढलं, लिहून काढलं आणि नंतर एका बैठकीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच सांगितलं की त्यांच्याकडे हेच सहा वर्षांपूर्वी घडलं होतं. अहवाल होता. तो 'अंतर्गत' म्हणून कपाटात ठेवला गेला होता. त्या दोन वर्षांत माझ्याबरोबर काम करणारी मुलगी हुशार होती, चिवट होती आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती. तिसऱ्यांदा करार लांबणीवर पडला तेव्हा ती दुसऱ्या क्षेत्रात निघून गेली. ती राळ कशी वागते हे हाताला कळलेली ती एकच व्यक्ती होती. अपयशाची नोंद झाकून ठेवल्याने कुणाची अब्रू वाचली असेल ते मला माहीत नाही, पण तिची दोन वर्षं आणि आमचं एक माणूस त्यात गेलं.

तुमच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते मी ऐकले आहेत. वेगवान इंजिन आली की प्रवासच छोटा होईल, म्हणतात. व्हावा, मी आनंदाने टाळ्या वाजवेन. पण तोवर जाणाऱ्यांचं काय, आणि त्या इंजिनांत अणुभट्टी असेल तर तिच्या किरणोत्सर्गाला टिकणारं साहित्य कुठून येणार? चुंबकीय कवच येईल, म्हणतात. त्याला अतिवाहक तारांची प्रचंड वेटोळी लागतील, ती पेलणारा सांगाडा लागेल, आणि त्या तारांनाही हेच कण झेलायचे आहेत. चंद्रावर आणि मंगळावर मातीखाली राहू, म्हणतात. हा सगळ्यांत शहाणा मुद्दा आहे. दोन-तीन मीटर माती उत्तम काम करेल. पण वाटेत माती नसते, आणि बाहेर काम करायला गेलेल्या माणसाच्या अंगावर फक्त पोशाख असतो. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर अतिशय मोठा उद्रेक झाला. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये जाणार होतं. मधल्या काळात चंद्रावर कुणी नव्हतं, एवढंच. २० मे २०२४ रोजी मंगळावर आलेल्या वादळात क्युरिऑसिटीने एका दिवसात ८१०० मायक्रोग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप) नोंदवले आणि त्याच्या कॅमेऱ्यातल्या चित्रांवर कणांच्या माऱ्याने पांढरे ठिपके आणि रेघा उमटल्या. तिथेही त्या दिवशी कुणी माणूस नव्हता.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बंद केलेलं लेखाशीर्ष पुन्हा सुरू करा आणि ते किमान दहा वर्षांसाठी बांधून द्या. दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार असेल तर दरवर्षी दाखवता येईल असंच काम होतं. एका नमुन्याला हळू डोस द्यायचा तर तीन वर्षं लागतात. तीन वर्षं काहीही 'निकाल' न देणारं काम करण्याची परवानगी आम्हाला हवी आहे. त्यातच पदांचाही विचार करा. निदान चाचणीची उपकरणं सांभाळणारी आणि नमुने बनवणारी माणसं तरी कायम असावीत.

माणसं नेणाऱ्या प्रत्येक मोहिमेच्या पहिल्या आराखडा बैठकीला साहित्याचा माणूस बोलवा, आणि त्याचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवा. आक्षेप मान्य करा असं मी म्हणत नाही. तो कुणी, का आणि कशाच्या आधारावर नाकारला एवढं लिहून ठेवा.

पृथ्वीच्या चुंबकीय छत्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येक यानावर नमुन्यांचा एक छोटा ट्रे आणि डोस मोजणारा संवेदक असावा. यान परत येणार असेल तर ट्रेही परत यावा. बीमच्या पाळ्यांपैकी ठरावीक वाटा दरवर्षी साहित्यासाठी राखून ठेवावा, आणि जिथे निरनिराळ्या कणांचा मिश्र मारा एकामागोमाग देण्याची सोय आहे तिथे तो मिळावा.

फसलेल्या प्रत्येक चाचणीची नोंद वर्षभरात सर्वांसाठी खुली करा. नाव झाका हवं तर, आकडे झाकू नका.

आणि जे जाणार आहेत त्यांना खरं सांगा. मोजलेला डोस किती, गणितातली अनिश्चितता किती, कवच काय अडवतं आणि काय नाही, हे त्यांना होकार देण्याआधी त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे. ती माणसं घाबरणारी नाहीत.

माझ्या कपाटात आज बेचाळीस नमुने तयार आहेत. कापलेले, वजन केलेले, क्रमांक घातलेले, प्रत्येकाचा जोडीदार तुलनेसाठी जमिनीवर ठेवलेला. त्यांच्यासाठी मिळालेली बीमची पाळी परिपत्रकानंतर रद्द झाली. पुढच्या पाळीचा अर्ज या महिन्याच्या अखेरपर्यंत द्यायचा आहे. मी तो भरून ठेवला आहे, फक्त लेखाशीर्षाच्या क्रमांकाचा रकाना रिकामा आहे. तो क्रमांक मला महिनाअखेरीच्या आत लेखी कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक पदार्थवैज्ञानिक